एन्फिल्डची गोळी, कागदाचे दोन वेढे आणि नऊ सहस्रांश इंच

१८५७ चा इतिहास वाचताना आपण सर्वजण चरबी लावलेल्या काडतुसापाशी थांबतो. त्या काडतुसाने शिपायांच्या धर्मभावनेला कसा धक्का बसला, हे शाळेपासून ठाऊक असते. परंतु त्या काडतुसाला चरबी मुळात लागतच का होती, गोळीबरोबर कागदही नळीत का जात होता आणि अवघ्या दोन वर्षांनी, म्हणजे १८५९ मध्ये, त्याच एन्फिल्ड रायफलीची गोळी ०.५६८ इंचांवरून ०.५५० इंचांवर का आणावी लागली, हे प्रश्न सहसा एका वाक्यात उरकले जातात. प्रस्तुत प्रकरण त्याच एका वाक्याचा उलगडा आहे. गोळी, कागद आणि वंगण या तिघांची मिळून एकच जोडणी होती. त्यांतले वंगण उष्ण हवेत टिकले नाही, आणि त्याची भरपाई अखेर गोळीचा व्यास कमी करून करावी लागली, असे माझे म्हणणे आहे.

ठासणीच्या रायफलीची मूळ अडचण

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी दोन्ही नळीच्या तोंडातून आत जातात. गोळी सहज खाली सरकायची असेल तर ती नळीपेक्षा लहान हवी. पण रायफलीच्या नळीतील आट्यांनी, म्हणजे आत कोरलेल्या पेचदार खाचांनी, तिला पकडून फिरवायचे असेल तर ती नळीएवढी, किंबहुना किंचित मोठीच हवी. जुन्या ‘ब्राउन बेस’ मस्केटपुढे हा प्रश्न नव्हता, कारण तिची सुमारे ०.७५ इंच व्यासाची नळी आतून गुळगुळीत होती आणि बरीच लहान असलेली वाटोळी गोळी तिच्यात अक्षरशः सोडली जात असे. बंदूक भराभर भरता येई, पण शंभर यार्डांपलीकडे नेमाचा भरवसा उरत नसे. उलट १८०० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यात आलेल्या बेकर रायफलीची घट्ट बसणारी गोळी तोंडात उतरवण्यासाठी सुरुवातीला लाकडी हातोडीसुद्धा दिली जात असे. नेम चांगला लागे, पण भरण्यास लागणारा वेळ रणांगणावर परवडणारा नव्हता.

यावर पडलेला तोडगा असा की गोळी आत जाताना लहान असावी आणि दारू पेटताच आपोआप मोठी व्हावी. विल्यम ग्रीनर या इंग्रज बंदूककाराने १८३० च्या दशकातच तळाशी गुल्ली बसवलेली, फुगणारी गोळी मांडली होती. फ्रान्समधील क्लोद-एतिएन मिनिए याच्या १८४९ च्या गोळीने ती कल्पना सर्वत्र पोहोचवली. मिनिएच्या शंक्वाकार गोळीच्या तळाला पोकळी आणि पोकळीत लोखंडी वाटी असे. दारूच्या दाबाने वाटी पुढे घुसली की शिशाची कड बाहेर फाकून आट्यांत रुतत असे. ब्रिटनने १८५१ मध्ये ०.७०२ इंच व्यासाच्या नळीची मिनिए रायफल स्वीकारली, परंतु ती जड होती, गोळीही जड होती, आणि कधीकधी लोखंडी वाटी गोळीचे टोक फोडून निघून जाई व शिशाची नळकांडी आत अडकून राही.

प्रिचेटची गुळगुळीत गोळी

ब्रिटिश लष्करातील वरिष्ठ अधिकारी लॉर्ड हार्डिंज यांच्या पुढाकाराने १८५२ मध्ये लंडनजवळच्या एन्फिल्ड येथील सरकारी शस्त्रकारखान्यात ज्या चाचण्या झाल्या, त्यांतून १८५३ च्या नमुन्याची रायफल सिद्ध झाली. तिची नळी ३९ इंच लांब, व्यास ०.५७७ इंच, आटे तीन, आणि त्या आट्यांचा एक पूर्ण फेरा ७८ इंचांत होत असे. म्हणजे गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत तिची बरोबर अर्धी गिरकी पूर्ण होई. या रायफलीसाठी लंडनचा बंदूककार प्रिचेट याची गोळी निवडण्यात आली. तिच्यात लोखंडी वाटी नव्हती. तळाला उथळ पोकळी होती, आणि संपूर्ण अंग गुळगुळीत होते.

या गुळगुळीत अंगातच पुढच्या सगळ्या घटनांचे मूळ आहे, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. अमेरिकेत हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारात जेम्स बर्टन याने याच सुमारास जी गोळी घडवली, तिच्या अंगाभोवती कडीसारख्या खाचा होत्या. वंगण त्या खाचांत भरले जाई आणि काडतुसाचा कागद फाडून फेकून दिला जाई. प्रिचेटच्या गोळीला अशा खाचाच नव्हत्या, त्यामुळे वंगण धरून ठेवण्याचे काम गोळीभोवतीच्या कागदाला करावे लागले. कागद नळीच्या लोखंडाला आणि शिशाला एकमेकांना घासू देत नसे, स्वतः वंगण वाहून नेत असे आणि आधीच्या बारांचा कीट पुसत खाली उतरत असे. एका अर्थाने तो गोळीचा सदराच होता. तो काढून ठेवला तर एन्फिल्डची गोळी उघडी पडत होती.

काडतुसाची रचनाही याच हिशेबाने केलेली होती. आत जाड कागदाची दारूची नळी, तिच्यावर आतला वेष्टनकागद, मग त्या नळीच्या बुडाशी टेकवलेले गोळीचे टोक, आणि दारू व गोळी या दोहोंना एकत्र धरणारा बाहेरचा कागद. गोळी काडतुसात उलटी बसे; तिचे टोक दारूकडे आणि बूड बाहेरच्या बाजूला. गोळी जेथे होती तेवढेच टोक वितळलेल्या वंगणात बुडवून काढले जाई. शिपाई दारूच्या बाजूचे टोक फाडी, सुमारे अडीच ड्रॅम, म्हणजे ६८ ग्रेन (साधारण ४.४ ग्रॅम) दारू नळीत ओती, मग काडतूस उलटे करून त्याचे वंगण लावलेले टोक नळीच्या तोंडात गोळीच्या खांद्यापर्यंत सारी, मनगटाला झटका देऊन दारूचा रिकामा कागद तोडून टाकी आणि गजाने गोळी खाली ठाशी. दाताने फाडले जाणारे टोक आणि वंगण लावलेले टोक अशी काडतुसाची दोन निरनिराळी टोके होती, हे नीट ध्यानात घ्यावे. मात्र मऊ झालेले वंगण कागदातून कोठवर चढते, हे कवायतीच्या पुस्तकाने ठरत नाही. ते हवेच्या उष्णतेवर ठरते.

नऊ सहस्रांशांचे गणित

नळी ०.५७७ इंच आणि गोळी ०.५६८ इंच, म्हणजे दोहोंत ०.००९ इंचांची, साधारण पाव मिलिमीटरहूनही थोडी कमी मोकळीक. आता गोळीभोवती कागदाचे दोन वेढे आहेत असे धरू. दोन वेढे म्हणजे व्यासाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, एकूण चार जाड्या. कागद ०.००२ इंच जाडीचा असेल तर गोळीचा व्यास ०.५७६ होतो आणि उरते केवळ ०.००१ इंच. माणसाचा केसही याहून जाड असतो. ही केसाहून बारीक फट वंगणाने भरलेली असते, आणि ते वंगण मऊ, सलग व ताजे असेल तोवरच गोळी अंगठ्याच्या दाबाने तोंडात बसून गजाच्या वजनाने खाली जाते.

कागद लावलेल्या गोळ्यांचा प्रयोग करणाऱ्या कोणालाही हे गणित प्रथम शिकावे लागते. एका कागदाची जाडी मोजण्यापेक्षा वीस कागदांची चळत मायक्रोमीटरमध्ये धरून वीसने भागणे अधिक विश्वासाचे. कागदाची पट्टी काटकोनात न कापता तिरकी कापली तर दोन वेढे संपतात तेथे दोन्ही कडा एकमेकींना फक्त भिडतात. काटकोनी कापली आणि किंचित लांब राहिली तर त्या एका रेषेवर तिसरा थर चढतो, आणि हाताला न जाणवणारा तो उंचवटा गोळीला नळीत एका अंगाला रेटतो. कागद ओला करून गुंडाळला तर वाळताना आवळतो आणि शिशाला घट्ट मिठी मारतो. नळीच्या तोंडाबाहेर पडताच मात्र ही मिठी सुटायला हवी. नेमबाज म्हणूनच बार झाल्यावर जमिनीवर पडलेले कागदाचे कपटे गोळा करून पाहतात. आट्यांच्या कडांनी कापलेल्या स्वच्छ पट्ट्या सापडल्या तर जोडणी बरोबर आहे. कपट्यांवर जळाल्याचे डाग असतील तर वायू गोळीच्या बाजूने निसटत आहे. आणि कागद अखंडच सापडला तर आट्यांनी गोळी नीट पकडलेलीच नाही.

उरलेल्या एका सहस्रांशाला तिसराही दावेदार होता, तो म्हणजे दारूचा कीट. काळी दारू जळाली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपात मागे उरतो, आणि त्यातील पोटॅशियमचे क्षार दमट हवेत ओलावा धरून मऊ राहतात, तर कोरड्या, तापलेल्या हवेत नळीच्या भिंतीला कडक खपलीसारखे चिकटतात. इंग्लंडच्या ओलसर हवेत दहा-वीस बार झाल्यावरही जी गोळी खाली जाई, ती मे महिन्यातील उत्तर हिंदुस्थानात किती बारांनंतर अडेल, याचा अंदाज करायला प्रयोगशाळा लागत नाही.

वंगणाचा बिघाड

सुरुवातीच्या वंगणात जनावरांच्या चरबीचे प्रमाण मोठे आणि मेणाचे थोडे होते, आणि ती चरबी कोणत्या जनावराची असावी याची अट घातलेली नव्हती. या निष्काळजीपणाचे सामाजिक परिणाम सर्वांना ठाऊक आहेत, आणि त्यांचे गांभीर्य मी कोणत्याही तांत्रिक कारणाने कमी लेखू इच्छित नाही. पण शुद्ध यंत्रशास्त्राच्या दृष्टीनेही ते मिश्रण वाईट होते. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते. चरबी त्याच्या कितीतरी आधी, चाळीस-पन्नास अंशांच्या आसपास वितळते, आणि मऊ तर त्याहून आधीच पडते. उन्हात उभ्या असलेल्या गाड्यावरील दारूगोळ्याच्या पेटीत एवढे तापमान सहज येते.

हे नुसते वाचून माझे समाधान होईना, म्हणून मी शिशाच्या सारख्या जाडीच्या काही कांड्या घेऊन त्यांवर पातळ, चिवट कागदाचे दोन-दोन वेढे दिले, निम्म्या कांड्या चरबी जास्त व मेण कमी अशा मिश्रणात आणि निम्म्या मेण जास्त व चरबी कमी अशा मिश्रणात बुडवल्या, आणि दोन्ही संच बंद लाकडी पेटीत घालून उन्हात ठेवले. पहिल्याच दुपारी चरबीच्या संचाचा कागद तेलकट, अर्धपारदर्शक झाला. डाग वर चढत गेला आणि न बुडवलेल्या कोरड्या भागापर्यंत पोहोचला. गोळीच्या जागी, जेथे वंगण हवे होते, तेथे कागद चोळला तर बोटांना खरखरीत लागत होता. मेणाच्या संचावरचा थर जसाच्या तसा होता, फक्त नखाने दाबला तर थोडा मऊ वाटला. काही आठवड्यांनी चरबीच्या संचाचा कागद सोलून पाहिला तेव्हा शिशावर पांढुरकी, पिठूळ बुरशीसारखी पूड धरली होती, आणि ती पूड कागदाच्या आतल्या अंगालाही चिकटली होती. चरबी जुनी होताना तिच्यात आम्ले सुटतात आणि ती शिशाशी संयोग पावतात, त्याचे हे दृश्य रूप.

आता हीच पूड त्या ०.००१ इंचाच्या फटीत ठेवून पाहावी. वंगण कागदातून निघून गेले, कागद कोरडा पडला, शिशाच्या अंगावर खरखरीत कवच चढून व्यास वाढला आणि नळीत वाळलेला कीट आहे. १८५७ आणि १८५८ च्या मोहिमांत हिंदुस्थानात एन्फिल्ड वापरणाऱ्या गोऱ्या पलटणींकडून रायफल भरणे कठीण जात असल्याच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांचे कारण या तीन गोष्टींच्या बेरजेत होते.

उपाय आणि त्यांचा जोडणीवर परिणाम

जानेवारी १८५७ मध्ये दमदम येथे काडतुसांविषयी शंका उठल्यावर सरकारने काही उपाय लगोलग योजले, आणि ते आपल्या गणिताच्या उजेडात पाहण्यासारखे आहेत. वंगण न लावलेली काडतुसे देऊन शिपायांनी स्वतःच्या पसंतीचे वंगण लावावे, अशी मुभा त्याच महिन्याच्या अखेरीस देण्यात आली. तेल आणि मेण यांचे मिश्रण येथे खरोखर चालण्यासारखे होते. मेण पुरेसे असते तर ते मूळ मिश्रणापेक्षा सरसच ठरले असते. मार्चमध्ये काडतूस दाताऐवजी हाताने फाडण्याची कवायत घालून देण्यात आली. यानेही रायफलीच्या कामात काहीच बाधा येत नव्हती. दोन्ही बदल तांत्रिकदृष्ट्या इतके सोपे होते की ते आरंभीच का केले गेले नाहीत, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

परंतु तोवर शंका वंगणावरून कागदावर सरकली होती. नव्या काडतुसाचा कागद जुन्या मस्केटच्या कागदाहून पातळ आणि तुळतुळीत होता. फेब्रुवारीच्या आरंभी बराकपूरच्या चौकशीत शिपायांनी नेमके याच कागदावर बोट ठेवले. तो जाळून, भिजवून पाहिला गेला, आणि त्यातच चरबी मुरवलेली असावी असे त्यांना वाटले. रासायनिक तपासणीत कागदात चरबी आढळली नाही. कागद पातळ असणे ही त्या केसाएवढ्या फटीची अपरिहार्य गरज होती, कारण जुना जाड कागद दोन वेढे घेऊन ०.५७७ इंचांच्या नळीत गेलाच नसता. हे कारण शिपायांसमोर गोळी, नळी आणि कागद ठेवून कोणी समजावले असते तर काय झाले असते, याचा तर्क करणे व्यर्थ आहे; अविश्वासाची कारणे कागदाच्या जाडीपेक्षा फार खोल होती. बहरामपूरच्या १९ व्या पलटणीने २६ फेब्रुवारीला ज्या काडतुसांबद्दल संशय घेतला, ती तर एन्फिल्डची नव्हतीच. जुन्या मस्केटच्या काडतुसांत दोन निरनिराळ्या रंगांचा कागद दिसला, एवढेच त्या संशयाला पुरे झाले.

गोळीचा व्यास का बदलला

प्रिचेटच्या गोळीत पहिली सुधारणा खरे तर १८५५ मध्येच झाली होती. पोकळ तळाची मूळ गोळी सरसकट सारखी फुगत नाही असे आढळल्यावर तिच्या तळात बॉक्सवुड लाकडाची गुल्ली बसवण्यात आली आणि गोळीचे वजन ५३० ग्रेन, म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम झाले. दारूचा दाब गुल्लीला पुढे ढकलतो, गुल्ली पाचरीसारखी शिशाची कड फाकवते आणि गोळी फुगण्याची हमी मिळते. ही गुल्ली नसती तर पुढचा बदल शक्यच नव्हता.

१८५९ मध्ये गोळीचा व्यास ०.५५० इंच करण्यात आला आणि वंगणाचे प्रमाण उलटून पाच भाग मेणाला एक भाग चरबी असे ठेवण्यात आले. नवी मोकळीक ०.०२७ इंच, म्हणजे पूर्वीच्या तिप्पट. कागदाचे तेच दोन वेढे धरले तरी ०.०१९ इंच शिल्लक राहतात. एवढ्या जागेत वाळलेला कीट, शिशावरची पूड आणि कोरडा पडलेला कागद हे तिन्ही सामावतात. पण त्याचा अर्थ असाही आहे की गोळी नळीत मधोमध उभी राहील याची खात्री कागद आता देत नाही, आणि शिशाला पूर्वीपेक्षा बरेच अधिक फुगावे लागते. ते साधण्यासाठी शिसे शुद्ध आणि मऊच हवे. त्यात थोडे जरी कथिल मिसळले तरी कड वेळेवर फाकणार नाही आणि वायू कागद जाळत पुढे निसटेल.

सूक्ष्म नेमबाजी करणाऱ्याने हा मार्ग कधी निवडला नसता. त्याने ०.५६८ ची गोळी ठेवली असती, फक्त वंगण बदलले असते, दर बारानंतर नळी पुसली असती आणि महिन्याभरापूर्वीची काडतुसे बाजूला टाकली असती. सैन्याला यांतले काहीच शक्य नव्हते. त्याचा साठा वर्षानुवर्षे कोठारात पडून राहतो, जहाजातून आणि गाड्यांतून फिरतो, आणि साठ बारांनंतरही न पुसलेल्या नळीत घाबरलेल्या माणसाच्या हातून भरला जातो. वंगण बदलून मूळ दोष गेला, आणि व्यास कमी करून तो दोष पुन्हा उद्भवला तरी निभावेल एवढी जागा ठेवली गेली. दोन्ही बदल एकत्र करण्याचा निर्णय मला योग्य वाटतो.

त्याच काळात घट्ट बसणाऱ्या, कागद गुंडाळलेल्या गोळीचा मार्ग दुसरीकडे फुलत होता. जोसेफ व्हिटवर्थ याची षट्कोनी नळीची, ०.४५१ इंचांची ठासणीची रायफल १८५७ मध्ये ब्रिटिश सैन्याच्या हाइथ येथील नेमबाजी शाळेतल्या चाचणीत एन्फिल्डहून कितीतरी सरस ठरली. तिच्या आट्यांचा फेरा २० इंचांत पूर्ण होत असे आणि गोळी ५३० ग्रेनचीच, पण लांब आणि सडपातळ होती. मात्र तिच्या अरुंद नळीत कीट लवकर साचे, आणि त्यामुळे ती सैन्याची सर्वसाधारण रायफल झाली नाही. १८७४ मध्ये अमेरिकेतील क्रीडमूर येथे आयरिश संघाने ठासणीच्या रिग्बी रायफलींनी ८००, ९०० आणि १००० यार्डांवर अमेरिकनांच्या मागून भरायच्या रायफलींशी सामना केला तेव्हा ९३४ विरुद्ध ९३१ असा केवळ तीन गुणांनी पराभव पत्करला, आणि त्यांतही एका आयरिश नेमबाजाची एक गोळी चुकून दुसऱ्याच्या निशाणावर गेली होती.

एन्फिल्डच्या नळ्या १८६६ पासून स्नायडर पद्धतीने मागून भरण्याजोग्या करण्यात आल्या. काडतूस धातूचे झाल्यावर गोळीभोवतीचा कागद गेला. तळातील गुल्ली मात्र राहिली, लाकडाऐवजी भाजलेल्या मातीची. पुढे १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री रायफल आली तेव्हा तिच्या ४८० ग्रेनच्या गोळीभोवती पुन्हा पातळ कागदाचे वेढे होते. ती गोळी मऊ शिशाची नव्हती, बारा भाग शिशाला एक भाग कथिल घालून कठीण केलेली होती, आणि तिच्यामागे काडतुसात वंगण म्हणून एक चकती बसवलेली होती, मधमाशीच्या मेणाची.